हद्द

शारजात, रोला चौकामागे, दुसऱ्या मजल्यावर
मी कागदांची भाषा बदलते.
पानामागे चाळीस दिरहम, शिक्क्याचे वेगळे.

निसार हमदुले आला तेव्हा
प्लास्टिकच्या पिशवीत त्याने अख्खं जहाज आणलं होतं:
करार, न आलेल्या अकरा पगारांचा तक्ता,
आणि एक फोटो, खोरफक्कानबाहेर नांगरलेलं
काहीतरी गंजकं, डेकवर वाळत घातलेल्या चड्ड्या.
दात काढायला म्हणून त्याला किनाऱ्यावर सोडलेलं,
दोन दिवसांच्या परवान्यावर.
गाल सुजलेला, शब्द अर्धेच बाहेर येणारे.
‘बाय, ह्यात मालक कोन हाय तेवढा वाच.’

वाचलं.
झेंडा अशा देशाचा, ज्याला समुद्रच नाही.
कंपनी एका बेटावर. बेटावर टपालपेटी.
पेटीच्या वतीने सही करणारी एक बाई,
दिवसभर तीनशे कंपन्यांची संचालक,
संध्याकाळी पाचनंतर कोणाचीच नाही.
जहाज गहाण. कर्ज विकलेलं.
विकलेल्या कर्जाचे पुन्हा वाटे लावलेले,
दाभोळच्या बाजारात सुरमईचे लावतात तसे,
डोकं एका शहरात, शेपूट दुसऱ्या,
काटे तेवढे हमदुलेच्या पानात.

हे मी त्याला सांगितलं नाही.
अरबी करायला बसले.

अरबी करताना मला नेहमी माहेरी आल्यासारखं होतं.
वकील, दावा, हक्क, कर्ज, मालक.
आमच्या तालुक्याच्या कोर्टात बेलिफ ओरडायचा
त्यातले निम्मे शब्द इथलेच.
पुस्तकं म्हणतात फारसीमार्गे आले, दरबारातून.
मला आपलं वाटतं गलबतातून,
खजुराच्या करंड्यांना टेकून, उलट्या करत.
काहींचं वळण बदललंय.
आपला कायदा इथे नुसता पाया असतो,
वर इमारत दुसऱ्याच शब्दाची.
हद्द मात्र हद्दच.

दुपारी कुंजुमोन म्हणाला, अरबी थांबव.
छत्तिसावं कलम बघितलंस?
वाद झाला तर निवाडा दुबईच्या मनोऱ्यांत.

तो रस्ता मी ओलांडलाय.
अलीकडे अमिरातीचा कायदा,
पलीकडे, पैशापुरता, इंग्रजी वळणाचा,
काचेत ठेवलेला, बावीस डिग्रीत.
मधे रेघ नाही, चौकी नाही.
एक माळी पेट्यूनियांना पाणी घालत होता,
त्याची नळी दोन्हीकडे पोचत होती.

मग पुन्हा पहिल्यापासून, इंग्रजी.
तिथे एका मालकाचे पाच होतात:
नोंदीतला, लाभातला, भाड्याचा,
गहाण घेणारा, देखभाल पाहणारा.
पाचांपैकी एकालाही विचारता येत नाही
की बाबा, बोटीवर तांदूळ किती उरलाय.

तांदूळ नऊ दिवसांचा होता. हे त्याने आपणहून सांगितलं.
पाणी तटरक्षकांची बोट देते, मंगळवारी.
वरचा अधिकारी कोवळा पोरगा, सलाम करून बोलणारा.
म्हणाला, जहाज आमच्या पाण्यात आहे,
आमच्या हातात नाही.
‘त्याचाच देस, त्याचाच पानी, बंदूक पन त्याच्याकडं.
हद्द झाली ना, बाय?’

मी छत्तिसाव्या कलमात नेमकी तीच शोधत होते.
चार ओळींत सात देशांची नावं होती
आणि समुद्र कुठेच नव्हता.

अठरा पानं झाली. कुंजुमोनने शिक्क्याचे घेतले नाहीत.
हमदुलेने कागद पिशवीत सारले,
खिशातून कापसात गुंडाळलेला दात काढला,
उजेडात धरून पाहिला, पिवळा, मुळाशी रक्त.
‘ह्यो नेताना गेटावर अडवतील काय?’

मला खरंच माहीत नव्हतं.
अडवले तर हा कागद दाखव, म्हटलं,
आणि एका कोऱ्या पानावर
आमच्या सेंटरचा शिक्का मारून दिला.